डोंगराचा खोडवा

सटवाजीमामाच्या उजव्या अंगठ्याचं नख मी कधी स्वच्छ पाहिलं नाही. पावसाळ्यात ते हिरवं असायचं, उन्हाळ्यात काळपट हिरवं, आणि दवाखान्यात नेलं त्या दिवशीसुद्धा त्याच्या कडेला सालीचा चुरा होता. लाकूड दिसलं की हा माणूस नख मारायचा. काठी असो, कुडाची मेढ असो, मांडवाचा खांब असो. एक ओरखडा ओढायचा, डोळे बारीक करून बघायचा आणि निकाल द्यायचा. आत हिरवं दिसलं तर "जितं हाय." नाही दिसलं तर "मेलं." तिसरं मत त्याच्याकडे नव्हतं.

तो माझ्या शेजारणीचा, कोंडाबाईचा भाऊ. जिंतूरकडच्या रानात तीस वर्षं वनमजूर होता. बायको गेली, मूलबाळ नव्हतं, म्हणून काम संपल्यावर ट्रंक घेऊन बहिणीकडे राहायला आला. बहिणीच्या गावी आला म्हणून गावाचा मामा झाला. त्याच्याहून म्हातारी माणसंही त्याला मामाच म्हणायची. मीही.

आमची पहिली भेट भांडणाने झाली. सकाळी बाहेर आले तर हा अनोळखी माणूस माझ्या कुंपणापाशी उभा, आणि शेळी बांधायच्या खुंट्याला नख मारतोय.

"काय हो, खुंटा काय खाजवायलाव?" मी म्हणाले. "शेळी खाजवा, दूध तरी दील."

तो वळलासुद्धा नाही. "आक्का, हा पांगारा जिता हाय. शेळी दुसरीकडं बांध."

"खुंटा हाय तो. चार महिन्यांखाली म्या सोता ठोकलाय."

"तुला खुंटा वाटायलाय. त्याला न्हाई वाटत."

असं म्हणून त्याने स्वतःच्या हाताने माझी शेळी सोडली आणि माझ्या बाजेला बांधली. मी त्याला जे बोलायचं ते बोलले. कोंडाबाई मध्ये पडली म्हणून थांबले. पण आखाडात त्या खुंट्याला पानं फुटली. आता तो पांगारा माझ्या घराच्या वर गेलाय, त्याच्यावर कावळे बसतात आणि खाली वाळत घातलेल्या पापडांची घाण करतात. मामाला मी हे दरवर्षी सुनवायची. तो म्हणायचा, "पापड तिकडं घाल की. त्याला कुठं हलता येतंय?"

आमच्या गावाच्या वरच्या अंगाला डोंगर आहे. मोठ्या डोंगरांच्या मुलखातली माणसं त्याला टेकाड म्हणतील, पण आम्हाला डोंगरच. गावाचं गायरान ते. मी लग्न होऊन आले तेव्हा डोंगरमाथ्यावरचं देऊळ गावातून दिसत नव्हतं, एवढी झाडी होती. धावडा, पळस, मोई, टेंभुर्णी, थोडा सागवान. मामा आला तोवर खालून माझ्या शेळ्या मोजता येत होत्या.

कुणी विचारलं तर लोक सांगतात, लाकूडतोड्यांनी नेला डोंगर. कोण लाकूडतोडे? बाहेरून एक माणूस आला नाही. घराला वासा लागला की डोंगर, लग्नाला मांडव घालायचा की डोंगर, चूल पेटवायची की डोंगर. खालच्या बाजूने ज्याचं शेत लागून होतं तो दरसाल नांगराची दोन तासं वर सरकायचा आणि कापूस लावायचा. वीटभट्टीला जळण गेलं ते आमच्याच लोकांनी विकलेलं. कोवळा फुटवा आला की माझ्या शेळ्या, आणि शेळ्यांनी सोडलं ते फाल्गुनातल्या आगीत. गवत जाळलं की नवं गवत दाट येतं असं आम्ही सगळेच मानायचो. मी चौथी शिकले, पण हे काही शाळेत शिकवलं नव्हतं. सासूने शिकवलं होतं.

एक गोष्ट मात्र मामाने पहिल्याच वर्षी ओळखली, जी मला चाळीस वर्षांत दिसली नव्हती. आमचं अर्धं गाव दिवाळीच्या तोंडाला ऊसतोडीला जातं आणि चैत्रात परत येतं. जाताना डोंगर पानांनी भरलेला असतो. येताना एक पान नसतं. मधल्या काळात आमचं रान पानं टाकतं आणि उन्हाळाभर उघडं उभं राहतं, ही त्याची रीत. पण ही पानगळ ऊसतोडीवाल्यांनी कधी पाहिलीच नाही. त्यांनी हिरवा डोंगर सोडला आणि काटक्यांचा डोंगर गाठला. ट्रॅक्टरमधून उतरायचे, वर बघायचे, म्हणायचे, "मेला की हो डोंगर." आणि कोयता घेऊन निघायचे. वाळलेलं लाकूड तोडायला कुणाची ना असते? गावातली लग्नंही तेव्हाच, घरांची डागडुजी तेव्हाच. जितं झाड मेलेलं समजून तोडायचं, आणि वर पुण्य केल्यासारखं वाटायचं, की आम्ही ओल्याला हात लावला नाही.

मामाने मग एक खूळ काढलं. चैत्रात कारखान्यावरून ट्रॅक्टर यायच्या सुमाराला तो गावाबाहेरच्या वळणावर जाऊन उभा राहायचा. ट्रॅक्टर आला की दोन्ही हात पसरून आडवा व्हायचा.

"उतरा. समद्यांनी उतरा."

पहिल्या वर्षी लिंबाजी मुकादमाची टोळी होती. लिंबाजी म्हणजे गावातला सगळ्यात उंच माणूस, दारातून वाकल्याशिवाय जात नाही. पाच महिन्यांनी घर दिसायला लागलेलं, अंगावर धूळ, मांडीवर भांडी, आणि हा म्हातारा उतरा म्हणतोय.

"काय झालं? रस्ता खचलाय का?" लिंबाजीने विचारलं.

"त्या झाडाला नख लाव."

"काहून?"

"लाव तर."

लिंबाजीने नख काही लावलं नाही, पण मामाच्या सात पिढ्यांची विचारपूस केली. ट्रॅक्टर त्याला वळसा घालून गेला. मामाने घरी येऊन कोंडाबाईला सांगितलं, "एक बाई उतरली व्हती. लिंबाजीचीच बायकू. तिनं लावलं नख." एवढ्यावर तो खूश होता.

पुढच्या साली गावात एक वृक्षारोपणाची योजना आली. कुणाची ते आता आठवत नाही, आणि आठवून उपयोगही नाही. मशीन आलं आणि डोंगराच्या खालच्या अर्ध्या भागात खड्ड्यांच्या रांगा पाडल्या. जुन्या तोडलेल्या झाडांची बुडं मध्ये यायची, ती मुळासकट उपटून एका बाजूला ढीग घातला. मामा दोन दिवस त्या ढिगापाशी फिरत होता. एकेका बुडाला नख मारायचा आणि मोठ्याने सांगायचा, "जितं हाय. हे बी जितं हाय." मशीनवाला वैतागला.

कार्यक्रमाच्या दिवशी मांडव घातला, पाहुणे आले. मामाला सरपंचाने खुर्ची दिली. तो खुर्चीवर न बसता पलीकडे, रस्त्याच्या वळणालगतच्या एका धावड्याच्या खुंटावर जाऊन बसला. मशीनवाला आला, म्हणाला, "आजोबा, उठा, इथं खड्डा हाय."

"मला गुडघ्याचा तरास हाय बाबा. एकडाव बसलो की दोन-चार तास उठता येत न्हाई."

हे खोटं होतं. त्याच सकाळी मी त्याला डोंगर चढताना पाहिलं होतं, माझ्या शेळीच्या पुढे. मशीन वळून गेलं. भाषणं झाली, रोपं लावली, फोटो काढले. मामा तिन्ही भाषणं होईस्तोवर त्या खुंटावर बसून राहिला आणि पाहुण्यांच्या गाड्या गेल्यावर ताडकन उठला.

पुढच्या उन्हाळ्यापर्यंत रोपं गेली. पाणी कोण घालणार? पावसाळ्यात त्या खड्ड्यांत माझ्या शेळ्या पाणी प्यायल्या तेवढा उपयोग झाला. मामाच्या खुंटाला मात्र न पाणी, न खत, फक्त त्याने बोरीचे काटे लावून शेळ्यांपासून राखलं होतं, तर माझ्या छातीएवढे फुटवे. "खाली मुळं चाळीस वरसाची हायत," तो म्हणायचा. "रोपाला आधी मूळ करायचंय, मग पान. ह्याचं मूळ तयार हाय. निस्तं ह्याला खाऊ नका, जाळू नका, उपटू नका. म्या झाड लावा म्हणत न्हाई. गप बसा म्हणतोय. तेवढंच गावाला जमंना."

एवढ्यात बातमी आली की मशीन पुन्हा येणार, आता वरच्या अर्ध्या भागात. म्हणजे राहिलेली बुडंही उपटली जाणार. पाडव्याला मारुतीच्या पारावर सगळे जमले, ऊसतोडीवाले नुकतेच आलेले. मामा उभा राहिला आणि म्हणाला, वरचा भाग मला तीन वर्षं द्या. मशीन नको, शेळी नको, कुऱ्हाड नको.

सगळ्यात आधी विरोध मी केला. उगाच कशाला लपवू?

"मामा, तुमच्या झाडाला पाय न्हाईत, माझ्या शेळ्यांना हायत. त्या काय पारावर चरतील?"

"डोंगराची मागची बाजू चालूच हाय. वरचं गवत विळ्यानं कापून ने."

"शेळी कापल्यालं गवत खाती व्हय? नखरेल जात हाय ती."

"कुणाकडून शिकली?" मामा म्हणाला, आणि सगळा पार माझ्याकडे बघून हसला.

मग लिंबाजी बोलला. "तीन वरसांनी काय दावणार आमाला? काटक्या?"

"तुझ्या डोक्याच्या वर झाडी दावतो."

"सरपंचाच्या डोक्याच्या वर म्हण की," मागून कुणीतरी बोललं, कारण आमचे सरपंच बुटके. सरपंचांनाही हसू आलं. शेवटी ठरलं ते असं, की तीन वर्षांनी पाडव्याला लिंबाजी मुकादमाला वरच्या भागात उभं करायचं. झाडी त्याच्या डोक्याच्या वर असली तर डोंगर मामाच्या मताने चालेल. नसली तर मशीन वर जाईल, आणि मामा पुन्हा डोंगराविषयी तोंड उघडणार नाही. तोंड न उघडणं ही मामासाठी केवढी मोठी गोष्ट होती ते कोंडाबाईने मला सांगितलं. "झोपेत बी जितं-मेलं बडबडत आस्तो," म्हणाली.

दोन पावसाळे बरे गेले. मामाने बायकांना सरपणाचा एक नियम घालून दिला. फांदी हाताने वाकवायची. कट्ट वाजून मोडली तर न्यायची, वाकली तर सोडायची. कुऱ्हाड बरोबर न्यायचीच नाही. आणि बुडाला दहा फुटवे आले तर दोन ठेवायचे, बाकीचे छाटून शेळ्यांना घालायचे. "एका बुडाला दोनच," तो सांगायचा, आणि बायका तोंडाला पदर लावायच्या. लिंबाजीची बायको एकदा म्हणाली, "मामा, हे आमच्या येळेला कुणी सांगितलं आस्तं तर!"

आता मी केलं ते सांगते.

दुसऱ्या फाल्गुनात मी मागच्या बाजूला शेळ्या घेऊन गेले होते. जुनं गवत कोरडं ठाक पडलेलं, शेळ्या तोंड लावेनात. सासूने शिकवलेलं डोक्यात होतंच. काडी लावली. थोडंसंच जाळायचं होतं. दुपारची वेळ, वारा फिरला आणि आग माथ्यावरून पलीकडे उतरली, मामाच्या बाजूला. मी डहाळी घेऊन बडवायला गेले, शेळी माझ्यामागे आली, आणि तिच्या हनुवटीचे केस जळले. मग मी घाबरले आणि शेळ्या घेऊन घरी आले. खरं सांगायचं तर पळून आले. गावात होती ती सगळी म्हातारी माणसं. ती मामाबरोबर वर गेली आणि पळसाच्या डहाळ्यांनी बडवून बडवून दिवस मावळेपर्यंत आग विझवली. वरचा भाग मात्र काळा झाला होता.

सकाळी मामा माझ्या कुंपणापाशी उभा. भुवया जळालेल्या. माझ्याकडे बघेना, शेळीकडे बघत होता.

"आक्का, शेळीची दाढी कोण्या न्हाव्यानं केली?"

"चुलीपाशी गेली व्हती."

"चूल लय मोठी दिसायलीय तुझी."

एवढंच. निघून गेला. गावात कुणाला बोलला नाही. बोलला असता तर मी भांडले असते, आणि भांडणात मला कुणी हरवत नाही. पण त्याने भांडायला जागाच ठेवली नाही. पंधरा दिवस मी ती शेळी घराच्या मागे बांधली.

चैत्रात ट्रॅक्टर आले. त्या वर्षी मामाने वळणावर कुणाला अडवलं नाही, कारण सगळेच आपणहून थांबले. नुसता उघडा डोंगर नव्हता तो, कोळसा झालेला होता. दुसऱ्या दिवशी लिंबाजी दहा-बारा माणसं घेऊन वर आला. मीही गेले. मामा एका बुडापाशी बसलेला.

"मामा," लिंबाजी म्हणाला, आणि त्या दिवशी त्याचा आवाज जरा नरम होता. "संपलं बगा. मेलं हे समदं. आता खामखा हट्ट करू नका."

मामाने माती थोडी बाजूला केली आणि बुडाच्या तळाला नख मारलं. मग विचारलं, "लिंबाजी, ऊस कुठून तोडतोस तू?"

"म्हंजी? बुडातून."

"वर एक इत ठेवलं तर?"

"मालक शिव्या देतो. खोडवा नीट फुटत न्हाई." खोडवा म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडातून पुन्हा येणारं पीक. हे आमच्या गावात लेकरांनाही माहीत असतं.

"आन् मागं रानात पडल्यालं पाचट?"

"कुणी कुणी पेटवून देतेत."

"मग? मरतो व्हय ऊस?"

लिंबाजी टोपी मागेपुढे करायला लागला. वीस वर्षं दुसऱ्याच्या रानात हा माणूस बुडातून तोडत आला, खोडवा फुटताना बघत आला, आणि स्वतःच्या गावचा डोंगर त्याला त्यातला वाटला नव्हता. कुणालाच वाटला नव्हता.

"मुकादम, बोला की," त्याची बायको म्हणाली. "कारखान्यावर तर लय बोलताव."

लिंबाजीने खाली बसून स्वतःचं नख त्या बुडाला लावलं. मातीच्या खाली, बोटभर खोल, साल हिरवी होती. त्याने दुसरं बुड बघितलं, तिसरं बघितलं. मग उठून टोळीला म्हणाला, "कोयते आणा."

दोन सकाळी ते काम चाललं. जळालेले सगळे फुटवे मातीला टेकवून तोडले. माणसांनी ऊसतोडीसारख्या रांगा धरल्या, बायका मागून मोळ्या बांधत गेल्या, आणि त्या मोळ्यांवर गावाच्या चुली पावसाळा निघेपर्यंत चालल्या. मीही कोयता घेतला. मामा रांगांच्या मागून वाकून हात फिरवत यायचा. "तिरपं घाव घाल, पाणी बसलं न्हाई पायजे. साल फाटू देऊ नको. आजून खाली. आजून. मालक शिव्या दील."

"मालक कोण हो मामा?" एका बाईने विचारलं.

"तूच की."

माझ्या रांगेपाशी आला तेव्हा थांबला. माझे बुडखे बघितले. "बरं तोडलंस," म्हणाला. पुढे गेला. मला वाटलं होतं आता तरी तो काही बोलेल.

त्या पावसाळ्यात डोंगर फुटला. मी फुलवून सांगत नाही, जे होतं ते सांगते. सागवान आणि पळस माणसाच्या वर गेले, मोई बरी होती, धावडा मागे राहिला. मागची बाजू मात्र होती तशीच उघडी. आणि मी विळ्याने गवत कापत होते, शेळ्या आधी तोंड फिरवायच्या, मग भूक लागली की मुकाट्याने खायच्या. माघात मामा मला न विचारता फावडं घेऊन दारात आला. त्याच्याबरोबर मी माथ्यावरून दोन कासरे रुंद पट्टा पानं आणि गवत काढून साफ केला, म्हणजे मागून आग आली तर तिथे थांबेल. तो त्याला जाळरेषा म्हणायचा.

पाडव्याला सगळं गाव वर गेलं. पानगळ झालेली, नुसत्या काठ्या. सरपंच पुढे झाले आणि म्हणाले, लिंबाजीने कुठे उभं राहायचं ते मी ठरवणार. मामाला वाटलं असेल सागवानात उभं करतील. सरपंचांनी धावड्याकडे बोट केलं. बुटके असले तरी माणूस न्यायाचा.

लिंबाजी काठ्या बाजूला करत आत गेला आणि वळून उभा राहिला. धावड्याचे शेंडे त्याच्या कानाला लागत होते. मला ते स्पष्ट दिसलं. मामालाही दिसलं असणार. तो खाली बघत अंगठ्याचं नख साफ करत होता, आणि तसं करताना मी त्याला आधी कधी पाहिलं नव्हतं.

लिंबाजीने इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मग डोक्यावरची टोपी काढून खिशात घातली. आणि हळूहळू तो बुटका व्हायला लागला. धोतर नेसणाऱ्या माणसाचं हे बरं असतं, आत गुडघे वाकलेत की सरळ आहेत ते कुणाला कळत नाही. आधी कान गेले, मग कपाळ, मग केस. शेंडे वर आणि लिंबाजी खाली.

"सरपंच, दिसायलोय का मी?" आतून आवाज आला.

सरपंचांनी डोळ्यावर हात धरून बराच वेळ बघितलं. "आवाज येतोय," म्हणाले. "मुकादम काही दिसंना."

कुणी हसलं नाही. एवढे लोक, पण कुणी सरपंचांना खोडून काढलं नाही. लिंबाजी तसाच वाकून उभा होता. शेवटी त्याची बायको ओरडली, "या आता भाईर, झालं!" तेव्हा सगळे हसले. "म्या सोता तोडलंय हे," बाहेर येताना लिंबाजी म्हणाला, टोपी घालत. "ह्याच्यात मशीन घालू देत नसतो मी."

आणि मग माझ्याच्याने राहवेना. मी पुढे झाले. "ती आग म्या लावली व्हती," मी म्हणाले.

मला वाटलं होतं मोठा गलका होईल. लिंबाजी म्हणाला, "ठावं हाय की आक्का. आमी कारखान्यावरून आलो तवाच कळलं. शेळी गावभर दाढी दावीत हिंडायली व्हती." घरामागे बांधलेली शेळी दावं सोडून रोज फिरायची, हे मला आजच कळत होतं.

सरपंचांनी मामाला विचारलं, काय करायचं हिचं? मामा म्हणाला, "जाळरेषा तिच्याकडं द्या. आग कशी पळती ते तिला चांगलं कळतंय." तेव्हापासून ते काम माझ्याकडे आहे. दर माघात गुडघे दुखतात, दर माघात मी मामाला शिव्या घालते. मागची बाजूही नंतर गावाने बंद केली, आणि खालच्या एका तुकड्यात, जिथे बुडं शिल्लक होती, शेळ्यांना आळीपाळीने मोकळीक दिली. खड्ड्यांचा भाग अजून बोडकाच आहे. उपटलेलं बूड परत येत नाही.

मामाला छातीचा त्रास सुरू झाला तेव्हा मी आणि कोंडाबाईने त्याला मानवतच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर छातीला नळी लावून ऐकत होते, आणि हा पडल्या पडल्या टेबलाच्या पायाला नख मारत होता. डॉक्टर म्हणाले, "बाबा, काय म्हणताय?" मामा म्हणाला, "मेलं." डॉक्टर दचकले. कोंडाबाईने घाईने सांगितलं, "तुमचं टेबल, साहेब. तुमचं टेबल म्हणायलाय."

डॉक्टरांनी घरी पडून राहायला सांगितलं होतं. गेल्या चैत्रात तो गेला तेव्हा मी मानवतला लेकीच्या बाळंतपणाला होते, मातीला पोचले नाही. म्हणून माझ्याजवळ शेवटचा मामा आहे तो त्याच्या नऊ दिवस आधीचा, वळणावरचा.

मी जीपने वालूरच्या बाजाराला निघाले होते. वळणावर ट्रॅक्टर थांबलेला, त्याच्यासमोर आमची जीप थांबली. कोंडाबाईने मामाची बाज तिथपर्यंत आणून त्याच्या त्या जुन्या धावड्याच्या खुंटापाशी टाकली होती. त्याला आता खुंट म्हणवत नाही, जीपच्या टपाच्या वर गेलाय. सावली मात्र नव्हती, एक पान नव्हतं. मामा बाजेवर बसलेला, आणि लिंबाजी सगळ्यांना ट्रॅक्टरमधून उतरवून रांगेत उभं करत होता. लिंबाजीची नवी सून पहिल्यांदाच तोडीवरून या रस्त्याने येत होती. ती झाडाकडे बघून म्हणाली, "मामा, हे तर मेल्यालं दिसायलंय."

"दिसू दे. नख लाव."

तिने लावलं. वाकून बघितलं आणि हसली. मामाने तिचा अंगठा धरून बघितला, मग पुढच्याचा, मग त्याच्या पुढच्याचा. शाळेत मास्तर हात बघायचे तसा. जीपवाला हॉर्न वाजवायला लागला.

मामाने मला पाहिलं. आवाज गेलेला होता, पण तेवढ्यापुरता काढला.

"आक्का, जाळरेषा?"

"केली!" मी ओरडले.

"दाव अंगठा."

मी हात खिडकीतून बाहेर काढला. बाजाराला जायचं म्हणून सकाळीच वजरी घेऊन हात घासले होते, नखं पांढरीशुभ्र. मामाने डोळे बारीक करून बघितलं.

"मेलं," तो म्हणाला.

रांगेतले सगळे हसले. मीही हसले, आणि त्याला काहीतरी उलट बोलणार होते, पण तेवढ्यात ट्रॅक्टर बाजूला झाला आणि जीप निघाली. मागे वळून पाहिलं तर त्याचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. तो पुढचा अंगठा उन्हात धरून बघत होता.